वाईला मी कधीच गेलो नाही

डॉक्टरांनी विचारलं, "वाई आवे छे?" आणि मी उत्तर दिलं, "ना साहेब, डहाणूथी आव्यो."

रमण, ही चूक माझी, पण ती सांगायचा मक्ता तुझा होता. चारोटीच्या नाक्यावर चहा पिताना कुणीही नवा माणूस भेटला की तू सुरू व्हायचास. माझ्यासारखी मान तिरकी करायचास, डॉक्टरांसारखा चष्मा खाली ओढायचास, आणि मी "गप ए" म्हणत बशी तोंडाला लावायचो. आता सांगणारा गेला, तर गोष्ट माझ्या गळ्यात आली. मी सांगतो तेव्हा लोक हसतात, पण जरा जपून हसतात. तुझ्यासमोर जपून हसलेलं कुणाला आठवत नाही.

तर ऐक. चुकलो तर नेहमीसारखा मधे तोंड घाल.

आपल्याकडे निम्मा तालुका दुखणं घेऊन सीमेपलीकडे गुजरातेत जातो. जवळ पडतं. दोन वर्षांपूर्वी मला चकरा सुरू झाल्या तेव्हा तूच मोटरसायकलवर मागे बसवून मला तिकडच्या एका इस्पितळात नेलंस. माझा नंबर आला, तू उठलास, आणि मी तुला खांद्याला धरून परत बाकावर बसवलं. "तू बस. गुजराती मला येतं."

मला गुजराती येतं, हा माझा आयुष्यभराचा दावा. वीस-बावीस वर्षं मी बोर्ड रंगवले, त्यातले निदान पावशेर गुजरातीत. माझं म्हणणं ठरलेलं होतं, की गुजराती म्हणजे काय, वरची रेघ न मारलेलं मराठी. या ज्ञानाच्या जोरावर मी एकदा एका फरसाणवाल्याचा अख्खा दहा फुटी बोर्ड रंगवला आणि शेवटी हाताच्या सवयीने सगळ्या अक्षरांच्या डोक्यावरून एक झोकदार रेघ ओढून दिली. तू खाली शिडी धरून ओरडत होतास, "पेंटर, टोपी नको घालूस, टोपी नको!" मला वाटलं, ऊन आहे म्हणून माझ्या टोपीबद्दल बोलतोयस. फरसाणवाला बाहेर आला, बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, "आ कई भाषा छे?"

तर असा मी आत गेलो. डॉक्टर भला माणूस, पण बाहेर रांग दारापर्यंत. त्यांनी विचारलं, वाई येते का. गुजरातीत वाई म्हणजे फीट. आकडी. मला वाटलं, साताऱ्याकडच्या वाईहून आलोय का, असं विचारतायत. माझ्या उत्तरातला "ना" त्यांनी उचलला आणि कागदावर लिहिला. मग म्हणाले, "घरमां कोईने वाई?" मी म्हटलं, "ना साहेब, बायको सफाळ्याची." त्यांनी दुसरा "ना" लिहिला. मी मनात म्हटलं, काय बारीक चौकशी करतो हा माणूस, अगदी सोयरीक जुळवायला बसल्यासारखी.

परत येताना तलासरीच्या अलीकडे तू विचारलंस, आत काय काय विचारलं. मी सांगितलं. तू गाडी बाजूला घेतलीस, स्टँड लावलास, आणि कठड्याला धरून इतका हसलास की एक ट्रकवाला थांबून विचारून गेला, याला काय झालंय. मी मघाशी दवाखान्यातून आलेला पेशंट, आणि माणसं तुझी विचारपूस करत होती.

मग तुझं हसू एकदम थांबलं.

"पेंटर, परत चल."

"कशाला?"

"वाई म्हणजे फीट रे. त्यांनी उलटं लिहिलंय. परत जाऊ, मी सांगतो नीट."

इथपर्यंतची गोष्ट तू चारोटीला सांगायचास. इथून पुढची कधीच सांगितली नाहीस. ती मी आज लिहितोय.

मी म्हणालो, "मला फीट येत नाही. चक्कर येते."

"मी बघितलंय."

"मी सांगतोय ना, चक्कर."

"तुला काय माहीत? तू तर तिथे नसतोस."

हे तुझं वाक्य, रमण. मी तिथे नसतो. मला फक्त सुरुवात ठाऊक. आधी गूळ करपल्याचा वास येतो, कुठे गूळ नसताना. मग पोटात खड्डा पडतो, महालक्ष्मीच्या जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पडतो तसा. मग काही नाही. त्यानंतर मला दिसतो तू, माझ्यावर वाकलेला, आणि तुझ्यामागे आभाळ. मधली दोन-तीन मिनिटं कुठे जातात, त्यांत मी काय करतो, कसा दिसतो, ओरडतो की गप असतो, हे मला ठाऊक नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळी मिनिटं तू पाहिलीस. ती तुझ्याजवळ होती.

आणि मी त्या दिवशी रस्त्याच्या कडेला तुझ्याकडून शपथ घेतली, की हा शब्द कुणापुढे काढायचा नाही. घरी नाही, डॉक्टरपुढे नाही, तुझ्या देवकीपुढेही नाही. फीट येणाऱ्या माणसाला कोण शिडीवर चढवेल? फ्लेक्स आल्यापासून आधीच शाळांच्या भिंती, ढाब्यांचे बोर्ड आणि ट्रकांच्या पाठी एवढंच आपल्याला उरलं होतं. चक्कर काय, कुणालाही येते. चक्करला कुणी नावं ठेवत नाही. तू गाडीचा स्टँड काढलास आणि म्हणालास, "बरं. पण तिसऱ्या पायरीच्या वर तू चढायचं नाहीस. वरची ओळ मी रंगवणार."

तू शिडी धरणारा, अक्षरांची भरणी करणारा, पट्टे ओढणारा. अक्षर तुझं नव्हतंच. त्यामुळे आज डहाणूपासून तलासरीपर्यंत कुठल्याही भिंतीवर वरची ओळ वाकडी आणि खालची सरळ दिसली, तर समजावं, ते आपलं या दोन वर्षांतलं काम. लोक विचारायचे, पेंटर, वरच्या ओळीला काय झालं? मी सांगायचो, लांबून बघा, सरळ दिसते. किती लांबून? आमच्या मसोलीहून बघा.

त्या कागदावरचे दोन "ना" मग माझ्या फाइलीबरोबर गावोगाव फिरले. कुणी नवा डॉक्टर विचारायचा तेव्हा आधी तो कागद बघायचा आणि मग माझं तोंड. दोघेही एकच सांगत होते. एकाने सांगितलं, कानातले बारीक खडे जागेवरून हलले आहेत. त्याने मला पलंगावर झटकन आडवं करून मान इकडून तिकडे वळवायचा व्यायाम दिला. तो मी दीड महिना केला. दुसरा म्हणाला, मानेचा मणका. त्याने पट्टा दिला. पट्टा घालून मी भिंत रंगवायचो तेव्हा पोरं म्हणायची, पेंटर आता वर बघतच नाही, गर्व चढलाय. तिसऱ्याने साखर तपासली. चौथ्याने सांगितलं, टेन्शन घेऊ नका, हवापालट करा. मी म्हटलं, समुद्रावर राहतो साहेब, आणखी कुठली हवा आणू?

डोक्याचा मोठा फोटो काढला. त्या बोगद्यात झोपवलं, वीस मिनिटं हलायचं नाही, डोक्याभोवती कुणी पत्र्यावर हातोडा मारतंय असा आवाज. रिपोर्ट नॉर्मल. लोकांचे रिपोर्ट नॉर्मल आले की घरात पेढे आणतात. मी बाहेर बाकावर बसून रडलो. तू शेजारी बसलास आणि पिशवीतून कांदा काढलास.

तो कांदा! चक्कर आली की चप्पल किंवा कांदा हुंगवायचा, हे आपल्याकडे पाळण्यातलं पोरही सांगेल. तू ब्रशांच्या पिशवीत कायम एक कांदा ठेवायचास. त्याला टर्पेंटाइनचा असा काही वास लागलेला असायचा की मेलेला उठावा आणि जिता मरावा. पुढे मुंबईच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, कांदा नको, चप्पल नको, तोंडात काहीही घालायचं नाही. नुसतं कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा आणि वेळ बघा. तू गंभीरपणे मान डोलावलीस आणि बाहेर आल्यावर तो कांदा बुक्कीने फोडून भाकरीबरोबर खाल्लास. "आता याचं काही काम नाही," म्हणालास. तुला उचकी लागली. टर्पेंटाइनची.

त्या मॅडमकडे यायला आपल्याला पावणेदोन वर्षं लागली. केस पांढरे, आवाज बारीक, नजर मात्र अशी की समोरच्याची खोटी रेघ लगेच दिसावी. त्यांनी फाइल चाळली, पहिल्या पानावरचे दोन "ना" वाचले, आणि फाइल मिटून बाजूला ठेवली. मला म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा. तुम्हाला कळत नसतं त्या वेळी." मग तुझ्याकडे वळल्या. "पडतात तेव्हा जवळ कोण असतं? तुम्ही? मग सांगा. पहिल्यापासून शेवटपर्यंत काय होतं?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, "चक्करच येते, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पुढच्या वेळी येताना खरं बोलणारा माणूस आणा. नाहीतर मोबाईलवर शूटिंग करून आणा. ते खोटं बोलत नाही."

बाहेर आल्यावर मी तुझी पाठ थोपटली. हे मला आता लिहितानासुद्धा खाली बघावंसं वाटतं. माझ्या जिवावर उठलेलं खोटं तू माझ्यासाठी बोललास आणि मी तुला शाबासकी दिली. तू माझा हात झटकलास. "पुढच्या वेळी मी सांगणार. शपथ गेली खड्ड्यात. तुला काय शिव्या द्यायच्यात त्या आत्ताच देऊन घे."

मी दिल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट केलं. म्हणालो, "सांगू नकोस. शूटिंग काढ. त्यात काय दिसायचं ते दिसेल." मला पक्कं ठाऊक होतं, तुला मोबाईल नीट वापरता येत नाही.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. चारोटीच्या ढाब्यामागे मी पडलो, उठलो, आणि पहिलं विचारलं, "काढलंस का?" तू म्हणालास, "हात दोन. एक तुझ्या डोक्याखाली, एक तुझ्या पाठीला. मोबाईल काय दातात धरू?" मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला द्यायचा." तू म्हणालास, "माणूस असा पडलेला असताना दुसऱ्याला बोलावून तमाशा दाखवू?" आणि मग मी, मार लागलेला, जीभ चावलेली, तोंडात रक्ताची चव, ढाब्याच्या दोन-तीन माणसांसमोर तुला म्हणालो, "साधा मोबाईल धरता येत नाही, तर इतकी वर्षं शिडी कशी धरलीस कोण जाणे."

तू शिडी उचललीस आणि गाडीला बांधलीस. नेहमी मी मागे बसायचो, शिडीच्या दोन पायऱ्यांमधून डोकं बाहेर काढून, आणि गाडी चालू झाली की तू म्हणायचास, "कैदी बसला का?" त्या दिवशी म्हणाला नाहीस. मसोलीला मला घरी सोडलंस तेव्हा फक्त "गोळी घे" म्हणालास. माफी मागायची तर उद्या मागू, असं मी ठरवलं. मग परवा. आपलं काय, रोजचंच, असं वाटत राहिलं. भिंतीवर अक्षर चुकलं तर रंग ओला असतानाच पुसावं लागतं, हे मी चार पोरांना शिकवलंय.

तलासरीच्या पुढे तुझ्या पाड्याजवळच्या शाळेची भिंत हे आपलं शेवटचं काम. मुळाक्षरं काढत होतो, खालच्या रांगा माझ्या, वरच्या तुझ्या. मला करपल्या गुळाचा वास आला. उठलो तेव्हा डोक्याखाली तुझा शर्ट होता आणि तू बनियनवर बसला होतास, घामाघूम. मी विचारलं, काय झालं, आणि तू काहीतरी सांगितलंस. ते मला नंतर आठवलं नाही. उठल्यावर अर्धा तास मला काहीच आठवत नाही. तुझा चेहरा राखेसारखा झाला होता, एवढं आठवतं. तुला काय होतंय, असं मी विचारलं होतं बहुतेक. तू म्हणालास, "गॅस झालाय."

मी म्हणायचो चक्कर, तू म्हणायचास गॅस.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवकीवहिनीचा फोन आला. पुढचं मी इथे लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना आहे.

तू गेलास आणि बायकोने, मंदाने, मला घरात घातलं. तिचा दोष नाही. तिने माझी फीट दोनदा पाहिली, म्हणजे सुरुवात पाहिली. दोन्ही वेळा ती कांदा आणायला धावली आणि परत आली तोवर संपलं होतं. त्यामुळे तिला नेमकं काय होतं ते ठाऊक नाही, आणि म्हणून तिला सगळ्याचीच भीती वाटते. बोर्डवर अक्षरं ओळीत यावीत म्हणून आपण खडू लावलेली दोरी ताणून मारायचो ना, तशी तिने माझ्याभोवती चारी बाजूंनी दोरी मारली आहे. गॅसजवळ उभं राहायचं नाही. सायकल नाही. रस्ता एकट्याने ओलांडायचा नाही. समुद्रावर जायचं तर सुरूच्या झाडांपर्यंत, पाण्यात पाय घालायचे नाहीत. माझ्या दाराला कडी नाही. खरोखर नाही, तिने स्क्रू काढून टाकलेत. न्हाणीघरातही नाही. आत असेपर्यंत मी मोठ्याने काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे तिला कळतं मी उभा आहे. गाणं मला येत नाही, म्हणून पाढे म्हणतो. परवा एकोणतीसच्या पाढ्यात सत्तेला अडकलो. आठवेना. अंगाला साबण, डोळे मिटलेले, मी आठवतोय, आणि ती दार ढकलून शेजाऱ्याला घेऊन आत. शेजारी म्हणाला, "दोनशे तीन," आणि गेला.

हसलास ना? हस. पण रात्रंदिवस कुणीतरी आपल्याकडे बघतंय, आणि जे बघायचं ते कुणालाच दिसत नाही, असं झालंय रमण. तुझ्याबरोबर असताना मी आजारीच होतो, पण कैदी फक्त शिडीच्या पायऱ्यांमध्ये असायचो, आणि गाडी तर चालू असायची. आता शिडी मागच्या दारी आडवी पडली आहे. मंदा तिच्यावर पापड वाळत घालते. मॅडमनी दिलेली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात जवळ येत होती. खरं बोलणारा माणूस आणा, म्हणाल्या होत्या. तो माणूस जिवंत असताना मी गप्प बसवला, आणि मग तो गेला. आता ती मिनिटं कुणाकडे मागू?

तुझं दिवसकार्य झालं आणि आठवड्याने देवकीवहिनीने निरोप पाठवला, पेंटरभाऊंना या म्हणावं. मंदा आणि मी गेलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या, हातात तुझा मोबाईल. तो उघडायची खूण त्यांना ठाऊक होती. बोटाने काचेवर 'र' काढायचा. तुझं आयुष्यातलं एकमेव सरळ अक्षर.

"यात तुमचं काहीतरी आहे," वहिनी म्हणाल्या. "मी एकदा बघितलं. परत नाही बघत. तुम्ही बघा."

शाळेच्या भिंतीचा दिवस. तू मोबाईल रंगाच्या डब्याला टेकवून उभा केला होतास, म्हणजे दोन्ही हात मोकळे. हे मला कधीच सुचलं नाही. पण रमण, डबा तिरका! चित्रात शाळेचं कौलारू छप्पर, आंब्याची फांदी आणि मधोमध छातीपर्यंत तू. मी कुठेच नाही. मधूनमधून खालच्या कोपऱ्यात माझा एक पाय येतो, झटका देतो आणि जातो. ज्याच्यासाठी शूटिंग, तोच चौकटीबाहेर. पहिल्यांदा मी हसलो. वहिनीही हसल्या, पदर तोंडाला लावून.

मग तुझा आवाज आला.

"मॅडम, मी रमण. पेंटरबरोबर आलेलो तो. याला फीट आलीय. चक्कर नाही, फीट. मागच्या टायमाला मी खोटं बोललो, याने शपथ घातलेली. आता बघा. आधी हा एकटक बघायला लागला. हाक मारली तर ओ नाही. मग तोंड असं चालवलं, काही चघळतोय तसं. डाव्या हाताने शर्टाचं बटण ओढत होता. मग मान डावीकडे गेली, आणि आता सगळं अंग. मी कुशीवर घेतलाय. तोंडात काही घातलेलं नाही. पेंटर, ए पेंटर, आहे मी, आहे. मॅडम, आता कमी होतंय. याचा बाप पण असाच पडायचा, म्हातारे लोक सांगतात. याला माहीत नाही. याला कुणी सांगितलंच नाही."

माझा बाप मी चार वर्षांचा असताना विहिरीत पडून गेला. पाय घसरला, असं आमच्या घरी सांगतात. तुला हे कधीपासून ठाऊक होतं? किती दिवस तू हे पोटात ठेवून माझ्याखाली शिडी धरून उभा होतास?

शेवटी माझा आवाज येतो, गाढ झोपेतून आल्यासारखा. "काय झालं?"

आणि तू, ज्याने आत्ताच मॅडमना सगळं खरं सांगितलं, माझ्याकडे खाली बघून म्हणतोस, "काही नाही रे. चक्कर."

ते शूटिंग मी घरी आणून खूप वेळा बघितलं. पहिले तीन-चार वेळा मी स्वतःला शोधत होतो. माझा पाय, माझा आवाज. मग एकदा फक्त तुझ्याकडे बघितलं. बोलताना तू सारखा कपाळावरचा घाम पुसतोस. एक हात माझ्या पाठीवर आहे हे कळतं, कारण खांदा खाली झुकलेला आहे. आणि दुसऱ्या हाताने तू छाती चोळतोस. एकदा नाही, चार वेळा. तू माझं दुखणं टिपायला बसलास आणि त्यात तुझं टिपलं गेलं. ते बघायला तिथे कुणी नव्हतं. म्हणजे होतो. मी होतो, आडवा.

ढाब्यावर जे बोललो ते मागे घेतो, रमण. शिडी तू धरलीस तशी कुणी धरली नाही. मोबाईल मात्र तिरका होता, ते मागे घेणार नाही.

काल मॅडमकडे गेलो. मंदा बरोबर होती, देवकीवहिनीही आल्या. म्हणाल्या, "मोबाईल माझ्या पिशवीत राहील. तो मी दुसऱ्याच्या हातात देत नाही." वाटेत मी दोघींना बजावलं, की ते शूटिंग नंतर. आधी मी माझ्या तोंडाने सांगणार. दोन वर्षं जो शब्द मी तुला बोलू दिला नाही, तो तुझ्या मोबाईलने माझ्याआधी बोलून टाकावा, हे मला सहन होणार नव्हतं. वापीपासून मुंबईपर्यंत जिथे जिथे खोटं बोललो, त्या सगळ्या खुर्च्यांचं एकदम फेडायचं होतं. बाहेर बाकावर बसून मी ते वाक्य मनात घोटलं. तीनच शब्द. मला फीट येते. मला फीट येते. मंदाने विचारलं, पाढे म्हणताय का.

नाव पुकारलं. आत गेलो. मॅडमनी चष्म्यावरून आमच्या तिघांकडे बघितलं आणि तुझ्या रिकाम्या जागेकडेही बघितलं. "ते मागच्या वेळचे आले नाहीत?"

मी मान हलवली. त्या समजल्या असाव्यात. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बरं. तुम्ही सांगा मग. काय होतं?"

मी तोंड उघडलं. "मला" म्हणालो. मला पर्यंत ठीक झालं. पुढचा शब्द ओठांवर आला आणि तिथे अडकला, एकोणतीस सत्तेसारखा. मंदा माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्यासमोर तो शब्द मी कधीच काढला नव्हता. 'चक्कर' दारात उभीच होती, तिला मागे लोटलं. आणि कुठल्यातरी तिसऱ्याच दारातून, तुझी शपथ, माझ्या नकळत बाहेर पडलं,

"मॅडम, मला वाई येते."

मॅडमनी फाइलीवरून मान वर केली. "वाईहून येता? एवढ्या लांबून?"

देवकीवहिनीने पिशवीतून तुझा मोबाईल काढला, काचेवर बोटाने 'र' ओढला आणि टेबलावर ठेवला.

"नाही मॅडम, हे डहाणूचेच. ह्यांना फीट येते. अक्कल तेवढी अजून यायचीय."